अठरा पूर्ण झाले म्हणून लगेच किल्ली हातात द्यायची का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगा बारावीला आहे, अठरा पूर्ण व्हायला पाच महिने आहेत. गाव अहमदपूर तालुक्यात, कॉलेज चौदा किलोमीटरवर. अर्धी वाट गावरस्त्याची, पुढची अर्धी तुळजापूर–नागपूर महामार्गाची. सकाळच्या एसटीचा भरवसा नाही. घरची शंभर सीसीची गाडी तो सातवी-आठवीपासून रानात चालवतो, ट्रॅक्टरही चालवतो. ‘हात एकदम साफ आहे, फक्त वेगाची भीती वाटते,’ असं तुम्ही लिहिलंय. आत्ताच गाडी द्यावी का, दिली तर काय शिकवावं, आणि धाकटीला बॅटरीवरची स्कूटी घेतली तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवताना मला सगळ्यात जास्त कष्ट पडतात ते ‘हात साफ’ असलेल्या पोरांबरोबर. ज्याला गाडी अजिबात येत नाही तो घाबरत चालवतो, विचारतो, ऐकतो. रानात शिकलेल्या पोराला क्लच, गिअर, तोल सगळं येतं, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला गाडी येते. पण रानात समोरून कोणी येत नाही. मागून ट्रक नसतो. कोणी अचानक डावीकडून बाहेर पडत नाही. पांदणीतून चाळीसनं गाडी काढणं हे हाताचं काम आहे. फाट्यावर उभा असलेला ऑटो आता निघणार की थांबणार, हे आधी ओळखणं डोळ्याचं काम आहे, आणि त्याची सवय रानात लागत नाही. म्हणून वेगापेक्षा मला काळजी ही वाटते की ज्या भागाची परीक्षा रस्ता घेतो, तो भाग त्यानं शिकलेलाच नाही, आणि हे त्याला माहीतही नाही.

आधी पाच महिन्यांचं बोलू. आत्ता गाडी देऊ नका. मोटार वाहन कायद्यात अठराच्या आत फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची मुभा आहे, तीही सोळा पूर्ण झाल्यावर आणि लायसन्स काढून. तुमची शंभर सीसीची आहे, म्हणजे विषय संपला. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी अडवायचा पुरेपूर प्रयत्न केला होता’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. सातवीपासून चालवतो हे गावाला माहीत असताना ते कसं सिद्ध करणार?

मुलाशी बोलताना दंडाचा आकडा सांगू नका, तो त्याच्या खिशातून जाणार नसतो. पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, हे सांगा. पोलीस भरतीत चालक पदासाठी उभं राहायचं असेल, पिकअप घ्यायची असेल, पुण्यात नोकरीला जायचं असेल, सगळीकडे ते आडवं येतं. हे पोरांना लगेच कळतं.

विम्याचं गणित तर आणखी वाईट आहे. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल आणि समोरचा जखमी झाला किंवा दगावला, तर विमा कंपनीनं भरपाई दिली तरी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं जे अपघात संरक्षण असतं, त्यालाही वैध लायसन्सची अट आहे. एका अपघातात शेत विकायची वेळ येते ती इथं.

मग कॉलेजला जायचं कसं? सवलतीचा एसटी पास काढा. गाडीची वेळ जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, त्या मार्गावरच्या गावांतल्या विद्यार्थ्यांची यादी आणि कॉलेजची वेळ असं जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या. एकट्याच्या तोंडी तक्रारीनं काही हलत नाही. तीन-चार गावांनी मिळून दिलेल्या यादीची दखल घेतली जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. नाहीतर त्याच बाजूला जाणारे चार पालक मिळून एक परवानाधारक जीप ठरवा.

हे पाच महिने वाया घालवू नका. तुम्ही गाडी चालवत असाल तेव्हा त्याला मागे बसवा, त्याच्या डोक्यावरही हेल्मेट असू द्या, आणि त्याला समोर दिसेल ते मोठ्यानं बोलायला सांगा. काय दिसतंय एवढंच नाही, त्यातून काय होऊ शकतं तेही. ‘डाव्या हाताला शाळा, पोरं सुटायची वेळ.’ ‘पुढच्या टमटमचा ड्रायव्हर आरशात बघतोय, प्रवासी दिसला की थांबणार.’ ‘म्हैस रस्त्याच्या कडेला, गुराखी दुसऱ्या बाजूला, म्हणजे ती आडवी येणार.’ पहिल्या दिवशी तो खड्डे आणि स्पीडब्रेकर एवढंच सांगेल. महिन्याभरानं तुमच्या आधी तो धोका ओळखायला लागेल. ज्याला मागे बसून हे जमत नाही, त्याला पुढे बसून जमेल असं मला वाटत नाही. एक अडचण मात्र येते. तुम्ही स्वतः चुकीच्या बाजूनं घातलीत किंवा चालवताना फोन घेतलात, तर तो तेही मोठ्यानं बोलून दाखवेल. बोलू द्या.

वाढदिवस झाला की शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. बहुतेक जण हे तीस दिवस नुसते मोजून काढतात आणि थेट परीक्षेच्या मैदानावरच्या आठाच्या आकड्यावर जाऊन उभे राहतात. नियम असा आहे की शिकाऊ चालकाबरोबर लायसन्सवाला शिकवणारा हवा, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कोणीही मागे बसवायचं नाही. म्हणजे महिनाभर तुम्हीच मागे बसायचं आहे. तेवढा वेळ काढा.

या महिन्यात रस्त्यावर जाण्याआधी मोकळ्या पक्क्या मैदानावर ब्रेकचा सराव करून घ्या. ब्रेक दाबता सगळ्यांना येतो, संकटात नीट थांबता फार थोड्यांना येतं. आपल्याकडे पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की पुढचा ब्रेक मारला की गाडी पलटी होते. म्हणून ती फक्त पायाचा ब्रेक दाबतात, मागचं चाक अडकतं, गाडी घसरत आडवी होते. प्रत्यक्षात ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. चूक दाबण्यात नसते, झटका देण्यात असते. लिंबू पिळल्यासारखा आधी हलका आणि मग वाढवत न्यायचा, मागचा सोबत, क्लच अगदी शेवटी. हँडल सरळ पाहिजे, नजर पुढे लांब, चाकाकडे नाही.

सराव असा घ्या. चुन्यानं एक रेघ मारा. त्या रेघेवर आल्यावरच ब्रेक. आधी २० च्या वेगानं, मग ३०, मग ४०. सुक्या डांबरी किंवा सिमेंटच्या जमिनीवर ३० ला सात मीटरच्या आसपास आणि ४० ला साधारण बारा मीटरमध्ये गाडी थांबायला हवी. पावलं टाकून मोजा. दोन्ही वेगांत ते अंतर सलग पाच-सहा वेळा जमलं की पुढचा भाग: तुम्ही बाजूला उभे राहून अचानक हात वर करा, तेव्हाच त्यानं ब्रेक मारायचा. आता अंतर किती वाढलं ते त्यालाच मोजू द्या. कळून हात हलेपर्यंत जो वेळ जातो तो त्याला डोळ्यांनी दिसतो. शंभर वेळा ‘हळू चालव’ म्हणण्यापेक्षा ती पावलं जास्त काम करतात.

बारावीचा मुलगा आहे, हिशेबही समोर ठेवा. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा, आणि नवख्याचा ब्रेक म्हणून वेग सेकंदाला पाच मीटर प्रतिसेकंद या दरानं कमी होतो असं धरा. ४० ला थांबायला एकूण सुमारे २९ मीटर लागतात, ६० ला ५३, ८० ला ८३. आता ६० वाला जिथं पूर्ण थांबला, त्याच जागेवरून ८० वाला अजून ६२ च्या वेगानं जात असतो. हे त्याला वहीत सोडवायला लावा, भौतिकशास्त्रातल्या गतीच्या प्रकरणातलंच समीकरण आहे. आणि चौदा किलोमीटरला ५० ऐवजी ७० नं गेलं तर वाचतात जेमतेम पाच मिनिटं.

पक्कं लायसन्स आलं तरी सगळा रस्ता एकदम मोकळा करू नका. न्यूझीलंडनं १९८७ पासून नव्या तरुण चालकांना टप्प्याटप्प्यानं परवानगी द्यायला सुरुवात केली: सुरुवातीला रात्री चालवायचं नाही, सोबत मित्र घ्यायचे नाहीत, मग हळूहळू सूट. नंतर अनेक देशांनी तीच वाट धरली, कारण नव्या चालकाचा धोका रात्री आणि सोबत समवयस्क असताना वाढतो. आपल्या कायद्यात असे टप्पे नाहीत. अठराव्या वर्षी लायसन्स मिळालं की त्याच रात्री तिकडे लातूरला दोन मित्र घेऊन जायला कायद्यानं फक्त तिसरी सीट आडवी येते. म्हणून टप्पे घरातच पाडावे लागतात.

तुमच्या रस्त्याचा विचार करून मी असे पाडीन. पहिले तीन महिने फक्त कॉलेज आणि परत, दिवसाउजेडी, एकटा. मागे कोणी नाही, अगदी चुलत भाऊ नाही. मागे माणूस बसला की थांबायचं अंतर बदलतं, तोल बदलतो, आणि मागचा ‘काढ की, काढ की’ म्हणत राहतो. पुढचे तीन महिने ठरलेला एक जण मागे चालेल, त्याच्याही डोक्यावर हेल्मेट असेल तर. पाऊस चालू असताना किंवा अंधारात अजून नाही. सहा महिन्यांनंतर तुम्ही मागे बसून चार-पाच वेळा रात्री चालवून बघा, मगच एकट्याला रात्रीची मोकळीक. किती महिने हे पोरावर अवलंबून आहे. घाई करणाऱ्याला वाढवा, शांत असेल तर कमी करा. पण क्रम बदलू नका: आधी दिवस, मग सोबत, मग पाऊस, सगळ्यात शेवटी रात्र.

रात्र शेवटी का? साध्या गाडीच्या डिपर लाइटमध्ये दिवा नसलेली, काळपट वस्तू तीस-चाळीस मीटरवरच नीट दिसते. ६० ला थांबायला ५३ मीटर लागतात हे वर आलंच. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि आपल्याकडे रात्री रस्त्यावर दिवा नसलेल्या वस्तू कमी नाहीत. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. बैलांच्या टायरगाड्या. पंक्चर होऊन दगड लावून उभा केलेला ट्रक, आणि ट्रक गेल्यावर तसेच राहिलेले ते दगड. बुट्टीभर खडी. रोही म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर. रात्री ४० च्या वर नाही, हा नियम तुमच्या पट्ट्यासाठी मी ठाम सांगतो. समोरून डोळे दिपवणारा लाइट आला तर दिव्याकडे बघायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवायची आणि वेग उतरवायचा. हेल्मेटची काच ओरखडलेली किंवा काळी असेल तर रात्री ती आंधळं करते, साफ पांढरी काच वेगळी ठेवा.

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण या भागात नवख्या चालकांची सगळ्यात जास्त चूक तिथं होते. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर २०–२५ नं चाललेला असतो आणि त्याची एकूण लांबी पंधरा मीटरच्या घरात जाते. तुम्ही ६० नं ओव्हरटेक करताय असं धरलं, मागची-पुढची सुरक्षित जागा धरली, तर साडेचार सेकंद जातात. त्यात तुमची गाडी ७५ मीटर जाते, आणि समोरून ८० नं येणारी गाडी शंभर मीटर आत येते. थोडी सूट ठेवली तर समोर किमान अडीचशे मीटर मोकळा, सरळ रस्ता दिसल्याशिवाय काढायचीच नाही. पोरं ट्रॉलीच्या अगदी मागे चिकटून डोकं बाहेर काढत बघत राहतात. तिथून काहीच दिसत नाही, वरून ऊस पडतो तो वेगळाच. पंधरा-वीस मीटर मागे राहा, म्हणजे पुढचा रस्ताही दिसतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचं ऐकू येत नाही, टेपचा आवाज असतो, आणि तो सिग्नल न देता उजवीकडे फडाकडे किंवा कारखान्याच्या रस्त्याला वळतो. उजवीकडे पांदण, फाटा किंवा वजनकाटा दिसत असेल तर ओव्हरटेक नाहीच.

पावसाळ्यात आपली काळी माती हा वेगळा विषय आहे. रानातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला चिकटलेला चिखल रस्त्यावर सोडत जातो. वर बारीक सर आली की त्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात डांबर असूनही चाक धरत नाही. रस्त्यावर चिखलाचे माग दिसले की आधीच वेग कमी करायचा, त्या पट्ट्यात ब्रेक, वळण, गिअर काही नाही, सरळ पार व्हायचं. हीच माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून गावरस्ते लाटांसारखे होतात आणि साइडपट्टी खचून डांबराच्या कडेला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. समोरून मोठी गाडी आली म्हणून खाली उतरावं लागलं, तर लगेच तिरक्या चाकानं वर चढायचा प्रयत्न करायचा नाही. चाक त्या कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. खालीच चालू द्या, वेग उतरवा, कड कमी असेल तिथं चाक शक्य तितकं सरळ करून चढा. हे एकदा दिवसा, हळू वेगात करून दाखवा.

नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी वळवायची. ‘गुडघ्याएवढंच आहे’ हा अंदाज पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे असं गृहीत धरतो, आणि वाहून गेलेला भराव गढूळ पाण्यात दिसत नाही. त्या दिवशी कॉलेज बुडालं तर बुडालं, हे तुम्ही आधीच सांगून ठेवा. नाहीतर पोरगं तुमच्या रागाच्या भीतीनं पाण्यात घालतं.

ऑक्टोबरात सोयाबीनची रास आणि पुढे तूर रस्त्यावर वाळत घालतात. कोरड्या शेंगांवर आणि भुसावर चाक वाळूसारखं सरकतं. कडेला लावलेले दगड माल उचलल्यावर तिथंच राहतात. अर्धा रस्ता मालानं अडवलेला असला तर समोरचं वाहन आपल्या बाजूनं येणार हे धरूनच जायचं.

आता महामार्ग. चारपदरी रस्त्यावर पोरांना वाटतं रस्ता मोठा, म्हणजे सोपा. तिथं दोन गोष्टी घात करतात. एक, दुभाजकातली वळायची मोकळी जागा, म्हणजे कट, लांब आहे म्हणून अर्धा किलोमीटर उलट्या दिशेनं जाणं. समोरून ८० नं येणाऱ्याच्या डोक्यात त्या बाजूनं दुचाकी येईल ही कल्पनाच नसते. घरून निघतानाच रस्ता असा ठरवा की सर्व्हिस रोड आणि पुलाखालचा बोगदा वापरून उलट जायची गरजच पडणार नाही, मग किलोमीटरभर जास्त झालं तरी. स्वतः एकदा सोबत जाऊन तो रस्ता पक्का करा. दोन, दुभाजकाच्या कटमधून पलीकडे जाणं. उभ्या गाडीला दोन पदर पार करायला थोडी घुटमळ धरून चार सेकंद लागतात. ८० नं येणारा ट्रक तेवढ्यात नव्वद मीटर येतो. लांबून येणाऱ्या मोठ्या वाहनाचा वेग नवख्याला नेहमी कमी वाटतो. दोनशे मीटरच्या आत काही येत असेल तर थांबायचं. मागचा हॉर्न वाजवत असला तरी थांबायचं. ट्रकच्या बाजूनं चालताना त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, त्या जागेत रेंगाळायचं नाही.

हेल्मेट रस्त्याकडेच्या ढिगातलं नको. आयएसआय शिक्का आणि त्यावर आयएस ४१५१ हा क्रमांक बघा, २०२१ च्या जूनपासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. भुवयांच्या थोडं वरून डोक्याचा घेर टेपनं मोजा आणि त्या मापाचं घ्या. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. पट्टा लावून मागून वर-पुढे ढकलून बघा, निघालं तर ते हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावर राहणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पोरं हेल्मेट काढून टाकीवर ठेवतात. फिका रंग, हवेची छिद्रं आणि आत पातळ सुती टोपी, एवढ्यानं बरंच सुसह्य होतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला. आतला थर्माकोल एकदाच दबतो.

गाडीचं फार सांगत नाही. टायरमधली हवा दर आठवड्याला, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी. चेनची ढील साधारण दोन-तीन सेंटिमीटर. मागचा ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकना लागतो का. आणि दोन्ही आरसे. पोरं आरसे पहिल्या आठवड्यात काढतात, ते काढले तर गाडी घरी, असं आधीच ठरवा. नवी घ्यायची असेल तर शंभर-सव्वाशे सीसीच्या वर पहिलं वर्ष जाऊ नका. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले असतात आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी सोय असते, हे खरं आहे. पण नवख्या हाताला ब्रेकच्या सोयीपेक्षा इंजिनाची ओढ जास्त मोहात पाडते.

फोनचं मात्र तुमच्या हातात आहे. तो रस्त्यावर असतो त्या अर्ध्या तासात त्याला फोन करणारी माणसं बहुतेक घरातलीच असतात. ‘निघालास का, कुठवर आलास.’ त्यानं निघताना एक मिस्ड कॉल द्यायचा, पोचल्यावर एक. मधे घरातून कोणीही फोन करायचा नाही, आजीनंसुद्धा. फोन दप्तरात, खिशात नाही. खिशातला थरथरला की हात जातोच.

आणखी एक साधी सोय. रोजचे २८ किलोमीटर, सहा दिवसांचे १६८. रविवारी मीटर दोघांनी मिळून बघा. दोनशेच्या पुढे गेलं तर विचारा. लपून बघू नका, आधीच सांगून बघा.

अपघात झालाच, तर १०८. हे नंबर त्याला पाठ असू द्या: १०८ आणि ११२. जखमी बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान हलू द्यायची नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार आहेत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका असंही सांगा.

ट्रॅक्टरचं तुम्ही एका ओळीत उल्लेख करून सोडलंत, पण तो मला जास्त खटकला. सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टरलाही अठरा आणि लायसन्स लागतंच, म्हणजे आत्ता तोही बंद. अठरानंतरही रस्त्यावर आणण्याआधी एक गोष्ट बघा. ट्रॅक्टरला मागच्या डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात जागेवर वळायला. दोन्ही पेडल जोडणारी कडी असते. रानातून रस्त्यावर येताना ती कडी लावायची असते आणि बहुतेक जण विसरतात, काहींची तर तुटून वर्षं झालेली असतात. रस्त्यावर वेगात एकच पेडल दाबलं गेलं की एकच चाक अडकतं आणि ट्रॅक्टर एका बाजूला फिरून उलटतो. आज संध्याकाळीच तुमच्या ट्रॅक्टरची कडी आहे का बघा. मडगार्डवर कोणालाही बसू देऊ नका, तिथून पडलेला माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातो.

राहिली धाकटी. बॅटरीवरच्या सगळ्या स्कूटींना लायसन्समधून सूट नाही. मोटार २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोपर्यंत, अशी आणि अधिकृत चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असलेली गाडीच मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळली आहे. तिला नंबर प्लेट नसते, लायसन्स लागत नाही. हिरवी नंबर प्लेट असलेली कुठलीही स्कूटी म्हणजे मोटार वाहन, तिला अठरा आणि लायसन्स. काही दुकानदार ‘लायसन्स नको’ म्हणून विकतात आणि एक वायर काढून ती ४५ नं पळवून दाखवतात. वायर काढली की ती सूट गेली, आणि वर सांगितलेलं १९९ अ तुमच्याच दारात. प्रमाणपत्राची प्रत मागा, देत नसतील तर दुकान बदला. खरी २५ ची गाडी असली तरी गावातल्या शाळेपुरतीच. ज्या रस्त्यावर बाकी सगळे ८० नं चाललेत तिथं २५ नं चालणारी मुलगी मागच्याला फार उशिरा दिसते. ओढणी मागच्या चाकात जाणार नाही अशी बांधायला शिकवा आणि हेल्मेट तिलाही घ्या. अहमदपूरला जायची वेळ आली, तर अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तो आधी काढा, स्कूटीचं नंतर बघा.